नदीच्या अखेरचा तारा

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. आकाशातल्या ठळक ताऱ्यांची कितीतरी नावे अरबी आहेत, तेव्हा जगाला खगोलशास्त्र मुसलमानांनीच दिले, असा त्याचा सूर. त्याखाली लगेच कुणीतरी उत्तर टाकतो, की अरबांनी काय केले, ग्रीकांची पुस्तके आपल्या भाषेत उतरवून घेतली, बस. मग दोन दिवस वाद चालतो. त्या दोन दिवसांत डोके वर करून तारे मात्र कुणी पाहत नाही.

या दोन्ही मजकुरांना एकदम उत्तर देईल असा एक तारा दक्षिण आकाशात आहे. तो दिसायला फिका आहे. पंचांगात त्याला जागा नाही, उर्दू शायरीतही नाही. त्याचे नाव अकामार. मूळ अरबी नाव ‘आखिर अन-नहर’, म्हणजे नदीचा शेवट. हा अर्थ लावायला मराठी माणसाला शब्दकोश लागत नाही. ‘मार्चअखेर’मधला अखेर तो हाच. आणि नहर म्हणजे मलिक अंबरने सतराव्या शतकात खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पाणी पुरवण्यासाठी बांधलेल्या नहर-ए-अंबरीतली नहर. दोन्ही शब्द आपल्या बोलण्यात आहेत. फक्त ते आकाशातही आहेत, हे आपण विसरलो.

या ताऱ्याची गोष्ट एका चुकीच्या नोंदीची आहे. ती नोंद सुमारे पंधराशे वर्षे पुस्तकांतून पुढे जात राहिली. ती ज्यांच्या हातून गेली त्यांत इस्लामी जगातला सर्वांत चोख निरीक्षकही होता.

तारा कुठे आहे

आधी तारा पाहून घेऊ. मृग नक्षत्रातला रायजेल, म्हणजे आपला राजन्य, बहुतेकांना ओळखता येतो. त्याच्या जवळून फिक्या ताऱ्यांची एक लांबलचक रांग निघते आणि वळणे घेत दक्षिणेकडे उतरते. ग्रीकांनी तिला नदी मानले. युरोपीय नकाशांत तिचे नाव एरिडॅनस.

डिसेंबरच्या सुरुवातीला रात्री नऊच्या सुमारास रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून दक्षिणेकडे पाहिले, तर क्षितिजापासून हात लांब करून धरलेल्या दीड मुठीएवढ्या उंचीवर एक ठळक तारा दिसतो. तो अखेरनार. मराठी पुस्तकांत त्याला अग्रनद म्हणतात. संपूर्ण आकाशातल्या पहिल्या दहा तेजस्वी ताऱ्यांत त्याची गणना होते. त्याच्यापासून वर, डाव्या हाताला, साधारण दोन मुठींच्या अंतरावर एक साधासा तारा आहे. तो अकामार.

दुर्बिणीतून पाहिले तर अकामार एक नाही, दोन तारे आहेत. एकमेकांना चिकटून, दोन्ही पांढरे. त्यांतला जो जास्त फिका आहे तो मुख्य अनुक्रमातला तारा आहे, म्हणजे पोटातला हायड्रोजन जाळत आयुष्याच्या स्थिर टप्प्यात असलेला. दोघांचा मिळून प्रकाश जेमतेम तिसऱ्या प्रतीचा भरतो. आपल्यापासून अंतर सुमारे १६० प्रकाशवर्षे.

ताऱ्यांच्या तेजाला ‘प्रत’ म्हणतात आणि तिचा हिशेब उलटा असतो. पहिली प्रत सर्वांत तेजस्वी, सहावी म्हणजे नुसत्या डोळ्यांना कशीबशी दिसणारी. प्रत एकाने वाढली की तेज अडीच पटीने कमी होते. एवढे लक्षात ठेवले की पुढचे कोडे समजते.

आता नाव पाहा. ‘अखेरनार’ हेही आखिर अन-नहरच. दोन वेगळे तारे, दोघांच्या नावाचा अर्थ एकच. एका नदीला दोन शेवट कसे?

टॉलेमीची नोंद

इसवी सन १५०च्या सुमारास इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात टॉलेमीने आपला मोठा ग्रंथ लिहिला. अरबांनी त्याला अल-मजिस्ती म्हटले आणि तेच नाव ‘अल्माजेस्ट’ होऊन युरोपात गेले. त्यात हजाराहून जास्त ताऱ्यांची यादी आहे. प्रत्येक ताऱ्याचे स्थान आणि प्रत दिली आहे. नदीच्या शेवटच्या ताऱ्याचे त्याने दिलेले स्थान अकामारशी जुळते. प्रत मात्र पहिली दिली आहे आणि शब्दांतही ‘तेजस्वी’ असेच म्हटले आहे.

नकलनवीसाची चूक म्हणावी तर तसा एक रस्ता आहे. ग्रीक लोक आकडे अक्षरांनी लिहीत. एकासाठी आल्फा, चारासाठी डेल्टा, आणि मोठ्या लिपीत ही दोन अक्षरे एकमेकांसारखी दिसतात. पण टॉलेमीने शेवटी बेरीज दिली आहे. पहिल्या प्रतीचे तारे एकूण पंधरा. नदीचा शेवटचा तारा धरला तरच ही संख्या पुरी होते. म्हणजे लिहिताना हात चुकला असे नाही. टॉलेमीला खरोखरच तिथे पहिल्या प्रतीचा तारा अभिप्रेत होता.

मग अकामार त्या काळी जास्त तेजस्वी होता आणि पुढे मंदावला, असे समजायचे का? काही अभ्यासकांनी तशी शंका घेतली होती. पण अशा पांढऱ्या ताऱ्यांचे आयुष्य कोट्यवधी वर्षांत मोजतात. त्यांच्या दृष्टीने दोन हजार वर्षे म्हणजे काहीच नाही. एवढ्या अवधीत तेज पाच-सहा पटीने खाली यावे, असे या जातीच्या ताऱ्यांत घडत नाही.

राहते ती दुसरी शक्यता. स्थान अकामारचे आणि तेज अखेरनारचे, अशी दोन ताऱ्यांची माहिती एका ओळीत मिसळली असावी.

पण टॉलेमीने अखेरनार पाहिला नव्हता. त्याला तो दिसणे शक्यच नव्हते. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा सावकाश डोलतो, त्यामुळे शतकांच्या हिशेबात तारे उत्तर-दक्षिण सरकतात. टॉलेमीच्या काळात अखेरनार आजच्यापेक्षा सुमारे दहा अंश दक्षिणेला होता. अलेक्झांड्रियात तो क्षितिजाच्या वर येतच नसे. इजिप्तच्या दक्षिण सरहद्दीवरूनही तो दिसत नव्हता. तो पाहायला तांबड्या समुद्रातून आणखी खाली किंवा हिंदुस्थानच्या दक्षिण किनाऱ्याकडे जावे लागे.

आणि लोक तिथे जात होते. त्या काळात इजिप्तमधून मोसमी वाऱ्यांवर स्वार होऊन जहाजे केरळच्या मुझिरिसला, आपल्या कल्याणला आणि चौलला येत. टॉलेमीने भूगोलावर वेगळा ग्रंथ लिहिला आहे. त्यात सिमुल्ला नावाचे बंदर येते, आणि ते म्हणजे चौल असे अभ्यासक मानतात. तिथे दीर्घकाळ राहून आलेल्या व्यापाऱ्यांकडून ऐकून आपण आधीच्या भूगोलकाराची चूक दुरुस्त करत आहोत, असे टॉलेमी स्वतः सांगतो. ज्या माणसाने आपला नकाशा चौलच्या व्यापाऱ्यांच्या सांगण्यावरून सुधारला, त्याच्या कानावर दक्षिणेतल्या एका तेजस्वी ताऱ्याची बातमी याच वाटेने आली असेल, असा माझा तर्क आहे. नदीच्या शेवटी मोठा तारा आहे, असे कुणी सांगितले. टॉलेमीला त्याच्या आकाशात नदीच्या शेवटी जो दिसत होता, त्याच्या नावावर ते तेज जमा झाले.

शिराझचा माणूस

नवव्या शतकात अल-मजिस्तीची अरबी भाषांतरे बगदादमध्ये झाली. आधी हज्जाज बिन मतरने केले, नंतर इस्हाक बिन हुनैनने, आणि साबित बिन कुर्राने त्यात सुधारणा केल्या. भाषांतर झाले आणि काम संपले, असे दुसऱ्या मजकुराचे म्हणणे. ते खोटे ठरवणारा माणूस म्हणजे अब्दुर्रहमान अल-सूफी.

इसवी सन ९०३मध्ये रै इथे, म्हणजे आजच्या तेहरानजवळ, त्याचा जन्म झाला. बुवैही अमीर अझुदुद्दौलाच्या आश्रयाने तो फार्स प्रांतात राहिला. ९६४मध्ये त्याने ‘किताब सुवर अल-कवाकिब अस-साबिता’ म्हणजे स्थिर ताऱ्यांच्या आकृतींचा ग्रंथ लिहिला. प्रत्येक तारकासमूहाची त्यात दोन चित्रे आहेत. एक आकाशात दिसते तसे, दुसरे खगोलाच्या गोलावर बाहेरून पाहिल्यावर दिसेल तसे, म्हणजे उलटे. देवयानीतल्या ज्या फिक्या ढगाला आज आपण शेजारची दीर्घिका म्हणतो, त्याची लेखी नोंद याच पुस्तकात पहिल्यांदा सापडते.

प्रस्तावनेत अल-सूफी आपल्या आधीच्या लोकांवर टीका करतो. एक गट खगोलाच्या पुस्तकांवर विसंबून राहणाऱ्यांचा. ते यादीतले आकडे पाहून गोलावर ठिपके मांडतात, पण तो तारा आकाशात दाखवा म्हटले तर त्यांना सांगता येत नाही. दुसरा गट अरबांच्या जुन्या नक्षत्रज्ञानावर चालणाऱ्यांचा. तो ऐकीव गोष्टींवर समाधान मानतो. अल-बत्तानीसारख्या मोठ्या नावालाही तो सोडत नाही. त्याने स्वतः काय केले? टॉलेमीची स्थाने घेतली, अक्षाच्या डोलण्यामुळे पडलेला फरक म्हणून सगळ्यांच्या रेखांशात १२ अंश ४२ कला मिळवल्या, आणि मग एकेक तारा डोळ्यांनी पाहून त्याची प्रत नव्याने ठरवली. जिथे टॉलेमीशी जमले नाही, तिथे तसे लिहिले.

आपल्या परंपरेत यासाठी दोन शब्द आहेत. तक्लीद म्हणजे आधीच्याच्या मागे चालणे. तहकीक म्हणजे खरे काय ते स्वतः तपासणे. अल-सूफीचे पुस्तक तहकीकचे पुस्तक आहे. पुढे अल-बिरूनीने १०३०च्या सुमारास ‘अल-कानून अल-मसऊदी’ लिहिले, तेव्हा ताऱ्यांच्या यादीत टॉलेमीने दिलेली प्रत आणि अल-सूफीने दिलेली प्रत शेजारी शेजारी मांडली. दोघांत फरक असेल तर वाचणाऱ्याला दिसावा, म्हणून.

असा हा अल-सूफी नदीच्या शेवटच्या ताऱ्यापाशी आला आणि त्याने त्यालाही पहिल्याच प्रतीत ठेवले.

वाळवंटातले अरब या ताऱ्याला ‘झलीम’ म्हणजे नर शहामृग म्हणत आणि तिथून फम अल-हूतपर्यंत विखुरलेल्या बारीक ताऱ्यांना शहामृगाची पिल्ले. हेही त्याने नोंदवले. म्हणजे तारा त्याला ठाऊक होता. शिराझहून तो दिसतही होता. पण कसा? दहाव्या शतकात तिथून हा तारा वर्षातल्या ऐन वेळी क्षितिजापासून पंधरा-सोळा अंश वर यायचा. इतक्या खाली हवेचा आणि धुळीचा जाड थर मधे येतो आणि तारे मूळच्यापेक्षा मंद दिसतात. अशा ताऱ्याची प्रत ठरवताना पाहणाऱ्याला अंदाजाने काही भर घालावी लागते. किती घालायची, हे ठरवताना समोर टॉलेमीचा ‘तेजस्वी’ हा शब्द होता. मला वाटते, या एका जागी पुस्तकाने डोळ्यावर मात केली.

हे लिहिण्यात अल-सूफीला कमी लेखण्याचा हेतू नाही. उलट ज्या माणसाने शेकडो नोंदी तपासल्या, त्याच्याही हातून एक नोंद तशीच पुढे गेली, यावरून तपासण्याचे काम किती अवघड असते ते कळते. त्याचा मोठेपणा मला दुसऱ्याच एका नोंदीत दिसतो. सुहेलच्या, म्हणजे अगस्त्याच्या, खाली काही पांढरे तारे आहेत, ते इराकमधून किंवा नज्दमधून दिसत नाहीत, आणि तिहामाचे लोक, म्हणजे अरबस्तानच्या तांबड्या समुद्राकडच्या किनारपट्टीचे रहिवासी, त्यांना ‘बकर’ म्हणजे गाई म्हणतात, असे त्याने लिहिले आहे. पुढे तो सांगतो, की टॉलेमीने यांचा उल्लेख केलेला नाही, आणि हे खरे की खोटे ते आम्हाला माहीत नाही.

हदीसशास्त्राची थोडीफार ओळख असणाऱ्याला ही शिस्त लगेच ओळखू येईल. मजकूर सांगायचा, पण तो कुणाकडून आला तेही सांगायचे. पाहिलेले आणि ऐकलेले एकाच पिशवीत टाकायचे नाही. टॉलेमीच्या नदीच्या नोंदीत जर काही चुकले असेल तर हेच चुकले. ऐकलेले तेज पाहिलेल्या ताऱ्याला चिकटले आणि सनद गळून पडली. सनद नसलेला मजकूर मग अल-सूफीलाही पकडता आला नाही.

चौलला तो तारा दिसत होता

गोष्टीतला मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग इथून पुढे आहे.

अल-सूफी राहत होता त्या फार्स प्रांताचे बंदर सिराफ. त्या काळी इराणच्या आखातातल्या मोठ्या बंदरांपैकी ते एक. सिराफची जहाजे पूर्व आफ्रिकेला जात, हिंदुस्थानला येत, चीनपर्यंत पोहोचत. हिजरी ३०४मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६च्या सुमारास, इतिहासकार अल-मसऊदी सैमूरला आला. सैमूर म्हणजे पुन्हा आपले चौलच. टॉलेमीचे सिमुल्ला ते हेच. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असे त्याने लिहिले आहे. काही सिराफचे, काही ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे, आणि बरेच इथेच जन्मलेले. त्यांना तो ‘बयासिरा’ म्हणतो. त्या मुलखावर शिलाहार राजा झंझाचे राज्य होते, आणि मुसलमानांच्या आपसातल्या कामकाजासाठी त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असे. कोकणी मुसलमानांचा इतिहास लिहिताना हा उतारा नेहमी दिला जातो. त्या वर्षी अल-सूफी बारा-तेरा वर्षांचा मुलगा होता.

आता आकाशाचा हिशेब करा. दहाव्या शतकात शिराझहून अखेरनार दिसत नव्हता. तो क्षितिजाखालीच राही. चौलहून मात्र तो आठ-नऊ अंश वर येत होता. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तर आणखी वर. म्हणजे ज्या शहरात बसून अल-सूफी नदीच्या शेवटच्या ताऱ्याची प्रत लिहीत होता, त्याच प्रांताच्या बंदरातून निघणारे खलाशी खरा तेजस्वी तारा आपल्या डोळ्यांनी पाहत होते. चौलच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या दहा हजारांपैकी जे कुणी थंडीच्या रात्री समुद्राकडे पाहत असतील, त्यांनाही तो दिसत होता.

खलाशांना तो नुसता दिसत नव्हता, त्यांच्या कामाचाही होता. त्यांचे ज्ञान कागदावर यायला पुढे पाचशे वर्षे गेली. ओमानच्या बाजूच्या जुल्फारचा अहमद बिन माजिद याने १४९०च्या सुमारास समुद्रविद्येवर ‘किताब अल-फवाइद’ हा मोठा ग्रंथ लिहिला. अरब नाखुद्यांच्या दिशाचक्रात ३२ दिशा असत आणि बहुतेक दिशांना ताऱ्यांची नावे असत. तो तारा उगवतो ती पूर्वेकडची दिशा, मावळतो ती पश्चिमेकडची. त्या चक्रात सुहेलच्या आणि दक्षिण ध्रुवाच्या मधे एक दिशा येते, तिचे नाव ‘सुलबार’. सुलबार म्हणजे अखेरनार.

म्हणजे नाव होते, ओळख होती, रोजचा वापर होता. पण नदीशी संबंध नव्हता, कारण नाखुद्याला टॉलेमीच्या नदीशी देणेघेणे नव्हते. आणि पंडिताला सुलबारशी देणेघेणे नव्हते, कारण तो अल-मजिस्तीच्या यादीत नव्हता. एकाच भाषेत बोलणारे, एकाच किब्ल्याकडे तोंड करून नमाज पढणारे हे दोन प्रकारचे लोक. दोघांकडे एकाच ताऱ्याची अर्धी अर्धी माहिती. नाखुदे पंडितांची पुस्तके वाचत. इब्न माजिद तर समुद्रावर जाणाऱ्याने कोणते खगोलग्रंथ वाचावेत तेही सांगतो. उलट दिशेने मात्र रस्ता फारसा चालता नव्हता. जहाजावरच्या ‘रहमानी’, म्हणजे खलाशांच्या मार्गदर्शक वह्या, वेधशाळेच्या कपाटात पोहोचल्या नाहीत.

समरकंदची वेधशाळा याचे दुसरे टोक. तैमूरचा नातू उलुग बेग स्वतः खगोलशास्त्रज्ञ होता. १४३७च्या त्याच्या यादीत १०१८ तारे आहेत आणि ते टॉलेमीनंतर बऱ्याच अंशी नव्याने मोजलेले आहेत. पण समरकंद खूप उत्तरेला. तिथून न दिसणारे दक्षिणेचे २७ तारे त्याने अल-सूफीच्या पुस्तकातून घेतले आणि तसे प्रस्तावनेत स्पष्ट लिहिले. हा प्रामाणिकपणा अल-सूफीच्या शिस्तीतलाच. पण दक्षिणेच्या ताऱ्यांसाठी पाचशे वर्षे जुने पुस्तक उघडावे लागले. हिंदी महासागरावर ते तारे रोज पाहणारे हजारो लोक हयात होते, त्यांना विचारण्याची वाट तयार झालेली नव्हती.

आचेहचा कैदी

दरम्यान नाव लॅटिनमध्ये गेले. स्पेनमधल्या तोलेदो शहरात ११७५च्या सुमारास क्रेमोनाच्या जेरार्दने अल-मजिस्तीचे अरबीतून लॅटिन भाषांतर पूर्ण केले. मूळ ग्रीक पुस्तक युरोपात पसरले ते मुख्यतः असे अरबीच्या वाटेने. नकला होत गेल्या आणि आखिर अन-नहरचे उच्चार बिघडत गेले. त्या बिघडलेल्या रूपांपैकी एक अखेरनार, दुसरे अकामार.

पुढे डच जहाजे मसाल्यासाठी पूर्वेला निघाली. १५९५च्या पहिल्या सफरीत पीटर केयझर या सुकाणूतज्ज्ञाने दक्षिणेचे तारे मोजले. तो १५९६मध्ये वाटेतच वारला. त्याचा सहकारी फ्रेडरिक डी हाउटमन दुसऱ्या सफरीत सुमात्रातल्या आचेहला पोहोचला. आचेह ही मुसलमान सल्तनत. तिथे १५९९मध्ये डचांशी संघर्ष झाला, फ्रेडरिकचा भाऊ मारला गेला आणि फ्रेडरिक सुलतानाच्या कैदेत पडला. कैदेत त्याने दोन गोष्टी केल्या. मलायी भाषा शिकला आणि तारे मोजले. सुटून परत गेल्यावर १६०३मध्ये ॲम्स्टरडॅमला त्याचा मलायी शब्दसंग्रह छापून निघाला. त्या शब्दकोशाच्या शेवटी दक्षिणेच्या तीनशेहून जास्त ताऱ्यांची यादी जोडलेली आहे.

त्याच वर्षी जर्मनीत योहान बायरचा आकाशाचा नकाशासंग्रह छापला गेला. त्यात नदी टॉलेमीच्या शेवटापाशी थांबत नाही. ती आणखी दक्षिणेला वाहत जाते आणि त्या तेजस्वी ताऱ्यापाशी संपते. तो झाला नदीतला पहिला, आल्फा. जुन्या शेवटाला मिळाले ग्रीक अक्षर थीटा. ‘नदीचा शेवट’ हे नाव नव्या टोकाला गेले, आणि जुन्या टोकाकडे त्याच नावाचे दुसरे बिघडलेले रूप राहिले. २०१६मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ताऱ्यांची नावे अधिकृत केली तेव्हा दोन्ही नावे कायम ठेवली. कोडे अशा रीतीने सुटले. तारा मंदावला नव्हता. नदी लांबली होती.

डचांनी जे केले त्यात अद्भुत काही नव्हते. जहाजावरचा माणूस, तारे मोजणारा माणूस आणि छापखाना, हे तिन्ही त्यांनी एका साखळीत आणले. आपल्याकडे पहिले दोन होते, आणि दोघेही अव्वल दर्जाचे होते. साखळी मात्र नव्हती.

आपण कुणाला मोजतो

आता पुन्हा त्या दोन मजकुरांकडे वळू. मुसलमानांनी फक्त भाषांतर केले, असे म्हणणाऱ्याला अल-सूफीच्या पुस्तकाचे कोणतेही पान पुरेसे आहे. जो टॉलेमीची प्रत घेऊन एकेक ताऱ्यापाशी थांबतो आणि इथे त्याचे बरोबर, इथे नाही, असे लिहितो, त्याला भाषांतरकार म्हणता येत नाही. पण अरबी नावांची यादी मिरवणाऱ्यांनाही हा तारा काही विचारतो. अकामार हे अरबी नाव खरेच. पण ते ज्या नोंदीवर बसले आहे, ती चुकीची होती आणि आपल्या थोरांनी ती तपासल्याविना पुढे दिली. नुसती नावे मोजून अभिमान बाळगायचा, तर ही चूकही त्याच यादीत धरावी लागेल.

मला वाटते, अभिमानाची जागा वेगळी आहे. जे पाहिले नाही त्याच्यापुढे ‘हे आम्हाला माहीत नाही’ असे लिहिणारा अल-सूफी, दोन मते शेजारी मांडणारा अल-बिरूनी, उसन्या घेतलेल्या २७ ताऱ्यांचा जाहीर हिशेब देणारा उलुग बेग, यांची शिस्त हा आपला वारसा आहे. फॉरवर्ड करण्याआधी सनद विचारण्याची ही सवय ज्या समाजात जन्मली, त्याच समाजात आज बिनसनदी मजकूर सर्वांत वेगाने फिरावा, याचे मला दुःख होते.

आणि दुसरी एक उणीव भरून काढायची आहे. इस्लामी विज्ञानाचा इतिहास आपण सांगतो तेव्हा बगदाद, शिराझ, समरकंद अशी दरबारांची आणि वेधशाळांची नावे घेतो. चौल, दाभोळ, सिराफ यांची घेत नाही. आमच्या कोकणी मुसलमानांत आजही नाखवा, नाखुदा अशी आडनावे आहेत. या आडनावांमागे पिढ्यानपिढ्या साठवलेले आकाशाचे ज्ञान होते. कोणता तारा कोणत्या दिशेला उगवतो, किती बोटे वर आला की कोणते बंदर जवळ येते, हे त्यांना ठाऊक होते. त्यातले फार थोडे लिहिले गेले. जे लिहिले गेले त्यालाही आपण विज्ञान म्हणायला कचरतो, कारण ते पंडिताने लिहिलेले नाही. दहाव्या शतकात हीच दरी होती आणि एका फिक्या ताऱ्याच्या नावावर तिने पंधराशे वर्षे खोटे तेज ठेवले. आज आपण इतिहास लिहिताना तीच दरी पुन्हा खणत असू, तर अल-सूफीचे नाव घेण्याचा आपला हक्क कितपत उरतो?

कोकणात घरोघरी अजून म्हातारी माणसे आहेत, ज्यांच्या वडिलांनी शिडाच्या गलबतावर तांडेलकी केली. ती काय सांगतात ते लिहून घ्यायला हवे, आणि कुणी सांगितले, कोणत्या बंदरात ऐकले, तेही सोबत लिहायला हवे. खरे की खोटे ते नंतर तपासता येईल. सुलबार हे नाव आपल्या किनाऱ्यावर कुणाला आठवते का, एवढे जरी विचारले, तरी सुरुवात होईल.